बाहुलीचे अठरा हात लुगडे

बाहुली हा लहान मुलींच्या खेळाचा विषय आहे; महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थिनीने त्यावर लेख लिहावा असे त्यात काय आहे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमच्या गावात तर तो मला तोंडावरच विचारला जातो. "एवढी कॉलेजात जाती अन् भावल्या खेळती," असे शेजारच्या मावश्या म्हणतात. (आमच्या भागात बाहुलीला भावली म्हणतात.) गेली तीन वर्षे मी बाजारातील साध्या प्लॅस्टिकच्या बाहुलीला नवे कपडे शिवते आणि तिचे कारखान्यातील पिवळे केस काढून त्या जागी नवा टोप बसवते. हे काम करताना मोजमाप, सुताची जाडी, नेसण्याची रीत आणि केसांची ठेवण यांविषयी जे समजत गेले ते प्रस्तुत लेखात क्रमाने सांगण्याचा विचार आहे. त्यातून हा खेळ आहे की अभ्यास, हे वाचकांनीच ठरवावे.

दोन प्रकारच्या बाहुल्या

ढोबळमानाने बाहुल्यांचे दोन प्रकार करता येतील. पहिला प्रकार तान्ह्या बाळाचा. तिला मांडीवर घ्यायचे, निजवायचे, म्हणजेच खेळणाऱ्या मुलीने आई व्हायचे. दुसरा प्रकार वयात आलेल्या स्त्रीचा. तिला नेसवायचे, तिचे केस विंचरायचे, एक पोशाख उतरवून दुसरा चढवायचा. हिला इंग्रजीत फॅशन डॉल म्हणतात. या लेखाचा विषय ही दुसरी बाहुली आहे.

तिचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रान्समधून 'पँडोरा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाहुल्या युरोपातील निरनिराळ्या दरबारांत व शहरांत पाठवल्या जात. त्यांच्या अंगावर पॅरिसमधील चालू पोशाख असे आणि डोक्यावर त्या वेळची केशरचना असे. पोशाखांची चित्रे छापणारी मासिके सर्वत्र पोहोचण्यापूर्वीचा तो काळ. दूरच्या शिंप्याने बाहुली पाहायची, शिवण तपासायची आणि तसाच पोशाख मोठ्या मापात शिवायचा. म्हणजे ही बाहुली खेळणे नव्हती, ते एक प्रकारचे पत्रच होते.

विसाव्या शतकात, १९५५ साली, जर्मनीत 'बिल्ड' या वृत्तपत्रातील चित्रमालेतल्या लिली नावाच्या पात्रावरून एक बाहुली बाजारात आली. ती पाहून अमेरिकेतील रूथ हँडलर यांनी आपल्या बाहुलीची कल्पना पक्की केली. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. हँडलर यांच्या मुलीचे नाव बार्बरा, त्यावरून बाहुलीचे नाव बार्बी. तिची उंची साडेअकरा इंच, म्हणजे सुमारे २९ सेंटिमीटर. १९६५ मध्ये तिला अंतराळवीराचा पोशाख मिळाला. माणूस चंद्रावर उतरला तो त्यानंतर चार वर्षांनी. काळ्या वर्णाची बार्बी मात्र १९८० मध्ये आली आणि उंच, ठेंगणी, भरल्या अंगाची असे शरीराचे वेगळे बांधे तर २०१६ मध्ये. आपल्याकडे आठवडी बाजारात आणि जत्रेत जी स्वस्त बाहुली मिळते ती हिचीच नक्कल होय. तीच गोरी कांती, तेच पिवळे केस, तीच मुठीत मावेल अशी कंबर.

आपल्याकडील परंपरा

महाराष्ट्रात बाहुल्या नव्हत्या असे मुळीच नाही. लाकडाची ठकी जुन्या पिढीला परिचयाची आहे. सावंतवाडीची लाकडी खेळणी तर प्रसिद्धच आहेत. परंतु ठकीचे लुगडे तिच्या अंगावर रंगवलेले असते, ते सोडता येत नाही. चिंध्यांच्या बाहुलीचे तसे नाही. भातुकलीत आणि बाहुला-बाहुलीच्या लग्नात तिला नेसवतात, नटवतात. लग्नातील रुखवतातही सजवलेली बाहुली असते, पण ती बहुधा नवरीच असते.

नेसवण्याचे खरे शास्त्र मात्र मला आमच्याकडील महालक्ष्म्यांत दिसले. महालक्ष्मी हे दैवत आहे, बाहुली नव्हे, हे सांगणे न लगे. मी केवळ हातांच्या कौशल्यापुरते बोलत आहे. भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा येतात तेव्हा मराठवाड्यातील घराघरांत त्यांना उभ्या करतात. मुखवटे पिढ्यान्‌पिढ्या तेच असतात, साड्या दरवर्षी नव्या. आत पाय नसतात, असते ती लोखंडी किंवा पत्र्याची बैठक. तिच्यावर निऱ्या कोठे धरायच्या, पदर किती सोडायचा, टाचणी कोठे लपवायची, मुखवट्यामागे गंगावन कसे बांधायचे, हे घरातील बायका बोलता बोलता करतात. मुखवटा तोच राहतो आणि नेसवण्याने रूप पालटते. मी बाहुलीच्या बाबतीत करते तेही याहून वेगळे नाही.

पूर्वतयारी

बाहुली निवडताना डोके मऊ प्लॅस्टिकचे आहे ना, हे पाहावे. डोके कडक असेल तर ते निघत नाही. प्रथम बाहुली साबणाच्या पाण्याने धुवावी. कारखान्यात केस डोक्याला भोके पाडून झुबक्याझुबक्यांनी ओवलेले असतात. ते कात्रीने आखूड करावेत. नंतर डोके दोन-तीन मिनिटे गरम पाण्यात धरले म्हणजे प्लॅस्टिक नरम होते आणि डोके मानेवरून हलकेच निघते. उरलेले खुंट आतल्या बाजूने चिमट्याने ओढून काढावेत. भोके तशीच राहिली तरी चालतात, टोपाखाली ती झाकली जातात.

भुवया किंवा ओठ पुन्हा रंगवायचे असल्यास जुना रंग नखांचा रंग काढण्याच्या द्रवाने निघतो. परंतु त्यातील ॲसिटोनने हातापायांचे कडक प्लॅस्टिक विरघळते, म्हणून तो फक्त मऊ डोक्यावर आणि कापसाच्या बोळ्याने जपून वापरावा. कुंकवासाठी टाचणीचे डोके लाल रंगात बुडवून कपाळावर एकदाच टेकवावे. कुंचल्याने इतका गोल ठिपका येत नाही.

माप: पट्टीचे आणि हाताचे

आता मुख्य विषयाकडे वळू. माझ्या मनात पहिल्यापासून नऊवारी लुगडे होते, कारण आमच्या घरात ते आता फक्त आजी नेसते. आई सहावारी नेसते, मी पंजाबी ड्रेस घालते. तीन पिढ्यांत तीन पोशाख झाले.

नऊ वार म्हणजे सुमारे ८२३ सेंटिमीटर. आईची उंची पाच फूट, म्हणजे १५२ सेंटिमीटर; बाहुलीची २९. भागाकार सुमारे सव्वापाच येतो. तेव्हा लुगड्याची लांबीही सव्वापाचाने भागावी: १५७ सेंटिमीटर. पन्हा ४५ इंच, म्हणजे ११४ सेंटिमीटर धरला तर बाहुलीसाठी सुमारे २२ सेंटिमीटर. वहीवर हे गणित चोख होते.

आई शेजारी बसून कापसाच्या सरक्या काढीत होती. ती चौथीपर्यंत शिकली आहे. ती म्हणाली, "तुझ्या पट्टीचं तिला काय ठावं? तिच्याच हातानं मोज तिचं लुगडं." जुन्या बायका लुगडे हातावर मोजत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, दोन हातांचा एक वार, म्हणून नऊवारी म्हणजे अठरा हात. मी बाहुलीचा हात कोपरापासून बोटापर्यंत कागदाच्या पट्टीवर उतरवला. तो सात सेंटिमीटर भरला. अठरा हात म्हणजे १२६ सेंटिमीटर.

दोन उत्तरांत ३१ सेंटिमीटरचा फरक पडला. असे का व्हावे? एक तर वार हे ठरलेले माप आहे आणि हात ज्याचा त्याचा. दुसरे म्हणजे या बाहुलीचा बांधा माणसाच्या प्रमाणात नाही. पाय नको तितके लांब आहेत, कंबर नको तितकी बारीक. नुसती उंची धरून भागाकार केला की लांब पायांचा हिशेब लुगड्याच्या लांबीतही येतो. प्रत्यक्ष नेसवून पाहता १२६ सेंटिमीटरचे लुगडे अधिक चांगले बसले. त्याचे आणखी एक कारण आहे, ते पुढील भागात येईल.

सूत लहान होत नाही

बाहुलीचे कपडे करू पाहणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: कापड कापून लहान करता येते, पण त्यातील सूत लहान होत नाही. बहुतेक सगळ्या अडचणी येथूनच निघतात.

उदाहरणार्थ, कमरेचा विचार करू. नऊवारी नेसताना कमरेपाशी कापडाचे अनेक पदर एकावर एक येतात. समजा दहा आले आणि प्रत्येकाची जाडी ०.३ मिलिमीटर आहे. एकूण जाडी ३ मिलिमीटर झाली, दोन्ही बाजू मिळून ६. सत्तर सेंटिमीटर कंबर असलेल्या बाईच्या बाबतीत ही वाढ कोणाच्या लक्षातही येणार नाही. परंतु माझ्या बाहुलीच्या कमरेचा घेर ९ सेंटिमीटर, म्हणजे व्यास जेमतेम २९ मिलिमीटर. त्यात ६ मिलिमीटरची भर पडली की कंबर एक-पंचमांशाने फुगते. बाहुली बोचके बांधल्यासारखी दिसू लागते. अठरा हातांचे लुगडे चांगले बसले याचे दुसरे कारण हेच: लांबी कमी म्हणून पदर कमी.

मग अधिक बारीक सूत का घेऊ नये? सुताची बारीकी 'नंबरा'वर मोजतात. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात तितका त्या सुताचा नंबर. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. परंतु जाडी निम्मी करायची तर नंबर दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. साठ नंबरच्या सुताचे लुगडे सव्वापाच पट बारीक करायचे म्हटले तर सूत सोळाशे नंबरच्याही पुढचे लागेल. ज्या ढाक्याच्या मलमलीच्या कथा आपण ऐकतो तिचे सूतही इतके बारीक नव्हते. आपला परभणी जिल्हा कापसाचा, मानवत-सेलूकडे कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात. तरी बाहुलीच्या अंगाजोगते सूत कोणत्याही कापसातून निघायचे नाही.

यावर उपाय एकच: जे कापड वापरून वापरून मऊ झाले आहे ते घेणे. नव्या कापडाला खळ असते, ते ताठ असते. वर्षानुवर्षे धुतलेल्या सुती लुगड्याचे तंतू झिजतात, विण सैल पडते, कापड पातळ होते आणि हवे तसे वळते. मी नव्या मलमलीचा तुकडा आणि आजीच्या विटलेल्या लुगड्याचा तुकडा दोन्ही नेसवून पाहिले. आजीचे लुगडे सरस ठरले. बाळाची दुपटी, गोधडी, दिव्याची वात हे सगळे आपल्याकडे जुन्या लुगड्याचेच का करतात, तेही यावरून कळले.

दुसरी अडचण वजनाची. लांबी आणि रुंदी दोन्ही सव्वापाच पटीने घटली की कापडाचा तुकडा सुमारे सत्तावीस पटीने हलका होतो. ताठपणा मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे पदर खांद्यावरून खाली पडत नाही, काडीसारखा बाहेर उभा राहतो. त्यासाठी निऱ्या व पदर पाण्याने ओले करून, दोऱ्याने अंगाशी बांधून रात्रभर वाळू द्यावेत. पदराच्या टोकाला आतून दोन-तीन काचेचे मणी टाचले की तो वजनाने खाली राहतो.

नेसवण्याची रीत

आजीने सांगितली तशी रीत येथे लिहून ठेवते. लुगड्याचे कापड मागून कमरेभोवती आणून पुढे बेंबीपाशी घट्ट गाठ मारावी. गाठीच्या एका बाजूस कमी कापड राहील आणि दुसऱ्या बाजूस जास्त. जास्त असलेली बाजू अंगाभोवती फिरवून छातीवरून खांद्यावर न्यावी, हा पदर. मध्ये जे कापड उरते त्याच्या निऱ्या करून पुढे खोचाव्यात. खालचा भाग दोन्ही पायांमधून मागे नेऊन, काठ नीट जुळवून कमरेला खोचावा. हा कासोटा. बाहुलीच्या पायांत जागा अपुरी असते, म्हणून कापड केसांच्या आकड्याच्या बोथट टोकाने पलीकडे ढकलावे.

नेसण्यात फरक असतो तो कामाप्रमाणे. शेतात चिखल तुडवायचा असेल तर कासोटा आवळून लुगडे गुडघ्यापर्यंत वर घेतात. लग्नकार्यात तेच घोट्यापर्यंत सोडतात. नऊवारीत बाई वाकू शकते, विहिरीत उतरू शकते, झाडावर चढू शकते. आजीच्या मते सहावारीत "पाय बांधल्यावानी" होतात. बाहुलीला आधी एक आणि मग दुसरे नेसवून तिचे पाय हलवून पाहिले म्हणजे आजीच्या म्हणण्याचा अर्थ लगेच कळतो. चित्रात तो कळत नाही.

काठांसाठी जुन्या ब्लाउजपीसची किनार किंवा राखीची जरीची फीत चालते. आजीचे ठेवणीतले लुगडे इरकली आहे. ही लुगडी मूळची कर्नाटकातील इलकल गावची. त्यांचा पदर तांबडा, त्यावर पांढरे नक्षीकाम असते. ते बाहुलीच्या मापात विणता येत नाही, म्हणून मी तांबड्या तुकड्यावर एकेरी पांढऱ्या दोऱ्याने उभे टाके घातले. जवळून पाहिले तर ते टाके आहेत हे कळते, हातभर अंतरावरून मात्र इरकल दिसते.

चोळी आणि इतर पोशाख

चोळीसाठी बाहुलीच्या अंगाला पातळ कागद गुंडाळून, पेन्सिलीने खुणा करून नमुना काढावा. कडा दुमडून शिवू नयेत, दुमड जाड होते. कडेला पाण्यात पातळ केलेला फेविकॉल बोटाने लावावा, वाळला की कड उसवत नाही. शिलाई शक्यतो हातानेच घालावी. मशीनवर घालायचीच असेल तर खाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवावा, नाहीतर इवलेसे कापड मशीन दातांत ओढून घेते. मागे लहान टिचबटण पुरते. गडद रंगाचे कापड मात्र पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवून घ्यावे आणि आतून पांढरे अस्तर लावावे. कापडाचा रंग प्लॅस्टिकमध्ये उतरला तर डाग निघत नाही.

जिंतूर तालुक्यातील तांड्यावरून येणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने बंजारा पोशाख करून दाखवला. घेरदार फेटिया, पाठीवर बंद असलेली कांचळी आणि डोक्यावरून ओढणी. फेटियाला भरपूर चुण्या असल्या तरी तो शिवलेला असल्यामुळे कमरेपाशी जाडी आवरता येते, त्या दृष्टीने हा पोशाख लुगड्यापेक्षा सोपा. अडचण आरशांची. खऱ्या पोशाखातला आरसा बाहुलीच्या अंगावर ताटाएवढा दिसतो. मैत्रिणीने चमकीच्या टिकल्या वापरल्या आणि कवड्यांच्या जागी बारीक पांढरे मणी. फेटियावरील प्रत्येक पट्टीचे नाव तिला तिच्या आईला विचारावे लागले. ती नावे तिने वहीत लिहून घेतली.

मी केलेल्या पोशाखांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो कापूस वेचणारीचा. साधी सुती साडी, तिच्यावर पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला बांधलेला रुमाल आणि कमरेला कापसाची ओटी. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही रस्त्याने जाताना हा पोशाख दिसतो. सदरा कशासाठी? कापसाच्या बोंडांची वाळलेली टोके हातांना ओरखडे काढतात आणि उन्हाने कातडी भाजते, त्यासाठी. ही आमच्या मायमाउल्यांनी स्वतः शोधून काढलेली कामाची वर्दी आहे. कोणा शिंप्याने ती बेतली नाही, कोणत्याही पुस्तकात तिचे नाव मला आढळले नाही. बार्बीला अंतराळवीराचा पोशाख १९६५ मध्येच मिळाला, पण कापूस वेचणारीचा पोशाख मी अजून कोणत्याही दुकानात पाहिला नाही. तो मी वडिलांच्या सदऱ्याच्या कॉलरमागच्या तुकड्यातून शिवला. ती बाहुली आईने हातात घेतली, ओटी चाचपून पाहिली आणि म्हणाली, "ओटी जरा खाली बांध. एवढी वर बांधली तर वाकता येत नाही." मी ती खाली बांधली.

केसांचा टोप

केसांच्या बाबतीतही सुताचाच नियम लागू पडतो. माणसाचा केस आपल्याला बारीक वाटतो, पण बाहुलीच्या डोक्यावर तो सव्वापाच पट जाड ठरतो. खेड्यात विंचरलेल्या केसांच्या बदल्यात फुगे, पिना देणाऱ्या फेरीवाल्या बायका येतात आणि ते केस पुढे टोप करण्यासाठी विकले जातात, हे आपण जाणतोच. परंतु खऱ्या केसांचा टोप बाहुलीच्या डोक्याला चिकटून बसत नाही, केरसुणीसारखा फिस्कारतो. त्यापेक्षा भरतकामाचे काळे रेशीम किंवा तोरणासाठी मिळते ती ॲक्रिलिकची लोकर चांगली. लोकरीचा पीळ उलगडावा, बारीक फणीने विंचरावी आणि वर फडके ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. लोकर सरळ आणि चमकदार होते. इस्त्री अधिक तापली तर मात्र ती वितळते.

टोपाचा पाया असा करावा. डोक्याला पातळ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून त्यावर फेविकॉलमध्ये भिजवलेला मलमलीचा तुकडा ताणून बसवावा आणि मानेशी दोऱ्याने बांधावा. रात्रभर वाळला की टोपी तयार होते. ती उतरवून कपाळाच्या आणि कानांच्या रेषेत कातरावी. केसांच्या पट्ट्या वेगळ्या कराव्यात: लोकर एका रेषेत पसरून वरच्या टोकाला फेविकॉलची पट्टी द्यावी, वाळल्यावर ती टोपीवर चिकटवावी. चिकटवण्याचा क्रम महत्त्वाचा. छप्पर शाकारताना जसे वळचणीपासून आढ्याकडे जातात, तसे मानेपासून वर जावे. म्हणजे प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीचा सांधा झाकते. शेवटी भांग. दोन्ही बाजूंचे केस मधल्या रेषेवर शिवावेत, चिकटवू नयेत. खरा भांग शिवणीनेच दिसतो.

अंबाडा किंवा खोपा टोपातील केसांचाच घालू नये, फार मोठा होतो. तो निराळा वळून मागे टाचावा. गजऱ्यासाठी पांढरे तीळ दोऱ्यावर चिकटवावेत. तिळाचा आकार मोगऱ्याच्या कळीसारखा असतो, आणि संक्रांतीनंतर ते घरात उरलेलेही असतात.

केस विंचरण्यात एक माया असते. आपल्या जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईच्या नावावरील अभंगांत तर प्रत्यक्ष विठ्ठल तिचे केस विंचरतो. दळणकांडण करणाऱ्या दासीला देवाकडून काय हवे असावे, तर कोणीतरी मागे बसून डोक्यावरून हात फिरवावा हे. बाहुलीचा टोप विंचरताना मला त्या अभंगांची आठवण होते.

याचा उपयोग काय?

हा प्रश्न शेवटी उरतोच. बाहुल्या विकून चार पैसे मिळावेत अशी माझी अपेक्षा नाही. प्रत्येक पोशाखास दोन-तीन आठवडे लागतात आणि तेवढ्या वेळेची किंमत बाजार देणार नाही.

उपयोग आहे तो वेगळा. मी आमच्या घरात महाविद्यालयात आलेली पहिलीच. इथे आल्यावर आपल्या घरातील बायकांना जे येते ते शिक्षणात मोडत नाही, अशी समजूत नकळत होऊ लागते. इतिहासाच्या पुस्तकात पोशाखांचे प्रकरण असते, पण त्यात राजाराण्यांचे पोशाख. अठरा हात लुगडे अंगावर एकही टाका न घालता कसे टिकते, कोणत्या कामाला कासोटा किती आवळायचा, ओटी कोठे बांधली म्हणजे वाकता येते, हे ज्ञान आजीच्या आणि आईच्या हातांत आहे. ते कागदावर लिहिले तरी निम्मेच उतरते, कारण ते हाताला कळते. पँडोराने पॅरिसची शिवण दूरच्या शिंप्याला कळवली. आमची बाहुली आजीचे नेसणे तिच्या पणतीला कळवील, एवढीच इच्छा आहे. म्हणून प्रत्येक बाहुलीसोबत मी एक चिठ्ठी ठेवते: कापड कोणाचे, नेसवायला कोणी शिकवले, कोणत्या कामाचा पोशाख आणि साल.

आजी आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. तिचे हात थरथरतात, निऱ्या धरवत नाहीत. गेल्या वर्षापासून सकाळी तिचे लुगडे मी नेसवते. बाहुलीवर सराव झाल्यामुळे मला ते जमते. "आवळ जरा," एवढेच ती म्हणते.

माझ्या वाचक मैत्रिणींना, आणि मित्रांनाही, एक सुचवावेसे वाटते. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचा पोशाख एकदा असा लहान मापात करून पाहावा. त्यासाठी जत्रेतील एक बाहुली, जुन्या लुगड्याचा हातभर तुकडा, दहा नंबरची सुई आणि शेजारी बसून सांगणारे घरातील म्हातारे माणूस एवढे भांडवल पुरे आहे. यांपैकी पहिल्या तीन वस्तू बाजारात किंवा पेटीत केव्हाही मिळतील. चौथ्याकडे मात्र लवकर जावे.